डिपस्टिकला ऑइल होतं, तरी आबांच्या बुलेटचं इंजिन गेलं. जुन्या गाडीत ऑइल नेमकं फिरतं कसं?

करमाळ्यात बुलेट ही फक्त गाडी नसते. ती कुणाच्या तरी आबांची, अण्णांची किंवा तात्यांची असते. माणूस जातो, शेतीच्या वाटण्या होतात, पण शेडमधली बुलेट विकायचा विषय कुणी काढत नाही.

आमच्याकडंही अशीच एक आहे. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची. आबा गेल्यावर ती तीन वर्षं कडब्याच्या शेडमध्ये पोत्यांखाली उभी होती. गेल्या दिवाळीत माझ्या चुलतभावानं ती बाहेर काढली. धुतली, पॉलिश मारलं, नवी बॅटरी टाकली. डिपस्टिक काढून बघितली तर ऑइल अगदी तळाला. म्हणून नवं ऑइल आणलं आणि वरच्या खुणेपर्यंत भरलं. चौथ्या किकला गाडी सुरू झाली. आता तीन वर्षांनी फायरिंग ऐकायला मिळतंय म्हटल्यावर रील तर झालीच पाहिजे. मोबाइल काढला आणि भावानं रेस केली.

सायलेन्सरमधून निळा धूर निघाला. ब्रीदरच्या पाइपातून ऑइल खाली सांडलं. आम्ही म्हटलं, चला, ऑइल तर भरपूर आहे! दहा मिनिटांत इंजिनातून ठक-ठक आवाज सुरू झाला आणि गाडी बंद पडली.

मिस्तरीनं इंजिन खोललं. बिग एंडची बुश खलास, क्रँक बाहेर काढायची वेळ. खर्च पाच आकडी. आम्ही म्हटलं, "मिस्तरी, ऑइल तर फुल होतं की." त्यांनी हातातला सीलचा तुकडा दाखवला आणि म्हणाले, "होतं की. पण पोचत नव्हतं."

उजनी शंभर टक्के भरली म्हणून टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळतंच असं नाही, हे करमाळ्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. जुन्या मोटारसायकलच्या ऑइलचंही तसंच आहे. टाकीत किती आहे हा अर्धाच प्रश्न झाला. ते शेवटच्या टोकाला पोचतंय का, हा खरा प्रश्न.

आधी बघू, ऑइल करतं काय?

इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर पिस्टन सेकंदाला ५० वेळा खाली जाऊन वर येतो. लोखंडाला लोखंड असं घासलं तर काही मिनिटांत सगळं जाम होईल. ते होऊ नये म्हणून दोन भागांच्या मध्ये ऑइलचा एक थर असतो. हा थर केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ असतो, पण सगळा भार तोच पेलतो. शाफ्ट जोरात फिरायला लागला की तो ऑइलला स्वतःखाली ओढून घेतो आणि त्यावर अक्षरशः तरंगतो.

दुसरं काम उष्णतेचं. जुन्या गाड्यांना रेडिएटर नाही. वाऱ्यानं सिलिंडरच्या पात्या थंड होतात, पण आतली उष्णता उचलून बाहेरच्या केसिंगपर्यंत आणायचं काम ऑइल करतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा या कामाची किंमत कळते. त्याशिवाय धातूचा चुरा आणि कार्बन वाहून नेणं, गंजापासून वाचवणं ही कामं आहेतच.

आता डब्यावर लिहिलेलं २०डब्ल्यू-५० म्हणजे काय? काकवी आठवा. थंडीत ती डब्यातून सुटता सुटत नाही आणि गरम केली की पाण्यासारखी पळते. ऑइलचंही तसंच होतं. यातला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीत ऑइल कसं वाहील ते सांगतो, तर दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती घट्ट राहील ते सांगतो. जुन्या बुलेटच्या इंजिनात भागांमधली फट जास्त असते, म्हणून तिथं २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑइल लागतं. आजच्या १०० सीसीच्या गाडीचं १०डब्ल्यू-३० तिच्यात टाकलं तर तापल्यावर ते या फटींना फारच पातळ पडतं.

एकेकाळी पंप म्हणजे रायडरच होता

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मोटारसायकलींना ऑइल फिरवणारी यंत्रणाच नव्हती. पेट्रोलच्या टाकीशेजारी एक हातपंप असायचा. दर काही मैलांनी रायडरनं तो दाबायचा आणि ऑइल इंजिनात सोडायचं. काही गाड्यांना काचेची छोटी नळी असायची, तिच्यात पडणारे थेंब बघून प्रवाह कमी-जास्त करायचा. चढ लागला की एक दाब जास्त द्यायचा.

हे ऑइल पुन्हा टाकीत येत नव्हतं. थोडं जळायचं, उरलेलं रस्त्यावर गळायचं. या पद्धतीला 'टोटल लॉस' म्हणतात, म्हणजे सगळं वायाच. विसरलात तर इंजिन जाम आणि जास्त दाबलं तर धूर.

पुढं इंजिनाच्या शाफ्टवरच चालणारे पंप आले आणि तेच ऑइल पुन्हा पुन्हा फिरायला लागलं. रायडरचा हात मोकळा झाला. पण नजर मात्र मोकळी झाली नाही, कारण ऑइल संपलं किंवा अडलं तर सांगणारं काहीच गाडीवर नव्हतं. जुन्या बुलेटच्या हेडलाइटवर स्पीडोमीटर आहे, करंट दाखवणारा अ‍ॅम्पिअर मीटर आहे, पण ऑइलचा मीटर नाही की लाल दिवा नाही.

बुलेटच्या पोटातला प्रवास

१९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया ही कंपनी सुरू झाली आणि इंग्लंडच्या रेडिचमध्ये जन्मलेली बुलेट भारतात बनायला लागली. इंग्लंडमधलं उत्पादन पुढं बंद पडलं, पण आपल्याकडं ते जुनं 'कास्ट आयर्न' इंजिन २०१० च्या आसपासपर्यंत चालू राहिलं. आपल्या गावागावांत उभ्या असलेल्या जुन्या बुलेट म्हणजे हेच इंजिन.

या इंजिनात साधारण सव्वादोन लीटर ऑइल बसतं. बाहेर वेगळी टाकी दिसत नाही, कारण टाकी केसिंगमध्येच आहे. क्रँक जिथं फिरतो तो चेंबर पुढं आणि ऑइलचा कप्पा त्याच्या मागं. मध्ये भिंत. ऑइल साठतं एका खोलीत आणि काम करतं दुसऱ्या खोलीत. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ इथंच आहे.

उजव्या बाजूच्या टाइमिंग कव्हरमध्ये पंप असतात. एक नाही, दोन. क्रँकशाफ्टच्या टोकाला स्क्रूसारखे आटे असलेला वर्म गिअर असतो, त्याच्यावर हे पंप संथपणे चालतात. पहिला पंप टाकीतलं ऑइल इंजिनाला देतो. दुसरा पंप काम करून खाली साचलेलं ऑइल उचलून परत टाकीत नेतो.

यात गंमत अशी की परत नेणारा पंप देणाऱ्यापेक्षा मोठा असतो. का? विहिरीत जितकं पाणी झिरपतं त्यापेक्षा उपसा जास्त असेल तरच तळ कोरडा राहतो. क्रँकच्या चेंबरमध्ये ऑइल साचलं तर क्रँक ते घुसळत बसेल, ताकद जाईल आणि ऑइल पिस्टनवर चढून जळेल. म्हणून उपसा जास्त.

देणाऱ्या पंपाकडून ऑइल फिल्टरमधून गाळून क्रँकशाफ्टच्या टोकाशी येतं. इथं कव्हर जागेवर आहे आणि शाफ्ट फिरतोय. थांबलेल्या कव्हरमधून फिरत्या शाफ्टच्या बारीक भोकात ऑइल घालायचं आहे. हा जोड एका छोट्याशा सीलवर उभा असतो. सील चांगलं असेल तर ऑइल शाफ्टच्या आतून बिग एंडपर्यंत, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जिथं जोडला जातो तिथपर्यंत पोचतं.

जुन्या बुलेटच्या बिग एंडला रोलर बेअरिंगऐवजी तरंगती बुश असते. रोलरला ऑइल कमी पडलं तर तो थोडा वेळ निभावून नेतो. बुश मात्र ऑइलच्या थरावरच चालते, थर तुटला की लगेच घासायला लागते.

बिग एंडमधून बाहेर पडलेलं ऑइल फिरत्या क्रँकमुळं चौफेर उडतं. याच फवाऱ्यावर सिलिंडरची भिंत, पिस्टन आणि पिस्टनची पिन भिजते. हेडवर रॉकरसाठी ऑइल बाहेरच्या बारीक नळ्यांमधून चढतं. बुलेटच्या इंजिनावर दिसणाऱ्या त्या चकचकीत नळ्या शोभेच्या नाहीत. वरून ते ऑइल पुशरॉडच्या वाटेनं खाली उतरतं आणि दुसरा पंप ते उचलून टाकीत नेतो.

आबांच्या गाडीत काय झालं, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. उभं राहून राहून शाफ्टच्या तोंडाचं सील कडक झालं होतं, पहिल्याच रेसला ते तुटलं. पंप चालू होता, ऑइलही होतं, पण शाफ्टच्या आत जायच्या ऐवजी तोंडाशीच गळत होतं. टाकी फुल, आणि टेलला असलेली बुश कोरडी.

मग डिपस्टिकला ऑइल कमी का होतं?

आमची दुसरी चूक इथं झाली, आणि ही जवळपास प्रत्येकजण करतो.

गाडी महिनोन्महिने उभी राहिली की टाकीतलं ऑइल पंपाच्या फटींमधून हळूहळू झिरपत पुढच्या चेंबरमध्ये उतरतं. पंप जितका झिजलेला, तितकं लवकर. याला इंग्रजीत 'वेट सम्पिंग' म्हणतात. डिपस्टिक मागच्या टाकीत असते. ती कोरडी दिसते म्हणजे ऑइल संपलं असं नाही, त्यानं फक्त खोली बदललेली असते.

आम्ही वरून नवं ऑइल ओतलं. म्हणजे टाकीही भरली आणि चेंबरमध्ये आधीचं होतंच. गाडी सुरू झाल्यावर मोठ्या पंपानं चेंबरमधलं ऑइल टाकीकडं ढकललं, तिथं जागा नव्हती. काही पिस्टनवर चढून जळालं, तोच निळा धूर. काही ब्रीदरमधून बाहेर पडलं. जे आम्हाला 'भरपूर ऑइल आहे' याचं लक्षण वाटलं, तो खरं तर इशारा होता.

बुलेटचं ऑइल मोजायची बरोबर पद्धत अशी: चांगल्या चालू असलेल्या गाडीत आधी इंजिन काही मिनिटं संथ चालवायचं, बंद करायचं, थोडं थांबायचं, मग डिपस्टिक बघायची. लांब काळ उभी असलेली गाडी असेल तर मोजायच्या भानगडीत न पडता जुनं सगळं ऑइल काढून टाकायचं. तेही एक नट खोलून भागत नाही. टाकीचा ड्रेन वेगळा आणि क्रँकच्या चेंबरचा वेगळा. एकच खोलला तर अर्धं जुनं ऑइल आतच राहतं.

आणखी एक. आजच्या बहुतेक बाइकमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर या तिघांना एकच ऑइल असतं. जुन्या बुलेटमध्ये तीन घरं, तीन चुली. इंजिनाचं ऑइल वेगळं, डाव्या बाजूच्या चेन-क्लचच्या डब्यातलं वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं. इंजिनाचं ऑइल बदललं म्हणजे सगळं झालं, असं समजू नका.

लुना, राजदूत, यझदी, आरएक्स: इथं हिशोबच वेगळा

आता टू-स्ट्रोककडं वळू. वडील पेट्रोल पंपावर "दोन लीटर, आणि ऑइल टाका" असं म्हणायचे, ते आठवतंय? १९७२ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकनं आणलेली लुना असो, बजाजची चेतक असो, एस्कॉर्ट्सची राजदूत असो की म्हैसूरच्या आयडियल जावाच्या जावा-यझदी, या सगळ्यांचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागायचं.

कारण टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवा आधी क्रँकच्या चेंबरमध्येच येते आणि तिथून सिलिंडरमध्ये जाते. म्हणजे तिथं ऑइल साठवून ठेवायची सोय नाही, ठेवलं तर तेही ओढलं जाईल. मग ऑइललाच पेट्रोलसोबत पाठवलं. आत गेल्यावर पेट्रोलची वाफ होते आणि ऑइलचा बारीक थर बेअरिंगवर, पिस्टनवर राहतो. काम झालं की तो जळून सायलेन्सरमधून बाहेर. टोटल लॉसच म्हणा ना!

प्रमाण गाडीप्रमाणं बदलतं. १:५० म्हणजे लीटरला २० मिली, १:२५ म्हणजे लीटरला ४० मिली. पाच लीटर पेट्रोलला १:२५ नं २०० मिली ऑइल लागेल. तुमच्या गाडीचं प्रमाण तिच्या मॅन्युअलमध्ये बघा, मित्राच्या गाडीवरून ठरवू नका.

कमी टाकलं तर पिस्टन पकडतो, हे सगळ्यांना माहिती असतं. पण "थोडं जास्त टाकलेलं बरं" हाही गैरसमज आहे. प्लग काळा पडतो, सायलेन्सर कार्बननं तुंबतो. शिवाय ऑइलनं जागा घेतली की तेवढं पेट्रोल कमी जातं, हवेचं प्रमाण वाढतं आणि इंजिन उलट जास्त तापतं. आणि धूर तर होतोच. या धुरामुळंच सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं १९९८ च्या अखेरीस दिल्लीत सुट्या टू-टी ऑइलच्या विक्रीवर बंदी आली होती.

मिसळायची कटकट यामाहानं 'ऑटोल्यूब'नं मिटवली. १९८३ ची राजदूत ३५० आणि १९८५ ची आरएक्स १०० आपल्याकडं आली ती ऑइलची वेगळी टाकी घेऊन. तिचा छोटा पंप इंजिनावर चालतो आणि त्याला एक्सलेटरची केबल जोडलेली असते. जितकी रेस, तितकं ऑइल.

आता इन्स्टावर आरएक्सचा जोर आहे आणि जुन्या गाड्या धडाधड रिस्टोअर होतायत. त्यात दोन चुका हमखास होतात. एक, ऑइलची टाकी एकदा कोरडी पडली की नळीत हवा अडकते. मग टाकी भरली तरी पंप हवाच ढकलत राहतो. ती हवा काढून टाकावी लागते. दोन, पंप काढून टाकतात, पण पुढं पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं हे नव्या मालकाला कुणी सांगत नाही. म्हणून जुनी आरएक्स घेताना पहिला प्रश्न हाच विचारा: पंप आहे का, आणि चालतो का?

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागणाऱ्या गाडीची आणखी एक खोड आहे. दिवे घाट किंवा खंबाटकी उतरताना आपण एक्सलेटर पूर्ण सोडतो आणि गिअरवर गाडी रोखतो. इंजिन जोरात फिरतंय, पण पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद! म्हणून जुने लोक लांब उताराला मधेमधे थोडी रेस द्यायचे. ती सवय चांगली आहे.

आणि हा विषय फक्त पैशाचा नाही. टेंभुर्णी रोडला ऐंशीच्या स्पीडनं जाताना पिस्टन पकडला तर मागचं चाक जागेवर लॉक होतं. पुढं उसाची ट्रॉली आणि मागं ट्रक असेल तर काय होईल, हे सांगायची गरज नाही. इंजिनाचा आवाज अचानक जड झाला, गाडी कुणीतरी मागं ओढतंय असं वाटलं, की पहिलं काम क्लच दाबायचं. बाकी सगळं नंतर.

शेडमधली गाडी काढताय? मग एवढं कराच

१. किक मारायच्या आधी सगळं जुनं ऑइल काढा. काढलेलं ऑइल बोटावर घेऊन बघा. धातूची चमक दिसली किंवा ते दुधाळ असलं (म्हणजे आत पाणी गेलंय) तर थांबा आणि मिस्तरीला बोलवा.

२. फिल्टर नवा टाका. टाइमिंग कव्हर उघडून शाफ्टच्या तोंडाचं सील बदलून घ्या. आमच्या पाच आकडी खर्चाच्या तुलनेत सीलची किंमत चहापाण्याएवढी होती.

३. फिल्टरच्या कप्प्यात थोडं नवं ऑइल ओतूनच तो बंद करा, म्हणजे सुरुवातीला पंपाला कोरडं चालावं लागणार नाही.

४. चावी बंद ठेवा, डीकॉम्प्रेशन लिव्हर दाबून धरा आणि बऱ्याच किका सावकाश मारा. पंप हळूहळू ऑइल पुढं ढकलतो.

५. सुरू झाल्यावर रेस करू नका. संथ चालू द्या आणि हेडकडं जाणाऱ्या नळीचा नट किंचित सैल करून बघा. ऑइल पाझरलं तर वरपर्यंत पोचतंय. नाही पाझरलं तर लगेच बंद. मात्र हेडवर पोचलं म्हणजे बिग एंडलाही पोचलंच असं नाही, म्हणून दोन नंबरचा मुद्दा टाळू नका.

६. पहिलं ऑइल थोडेच किलोमीटर चालवून पुन्हा बदला. वर्षानुवर्षांचा गाळ त्याच्यासोबत निघतो.

टू-स्ट्रोक असेल तर टाकीतलं जुनं पेट्रोल फेकून द्या, नवं पेट्रोल मोजून ऑइल घालून भरा, आणि गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं हे विसरू नका.

जाता जाता एक माहिती. आपण तीस वर्षांच्या गाडीलाही विंटेज म्हणतो, पण जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली मूळ स्वरूपातली गाडीच विंटेज म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं येतात आणि ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रोज चालवायची असेल तर नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरण वेळेवर करून घ्या.

आबांची बुलेट आता पुन्हा चालू आहे. ती बाहेर काढायची असली की भाऊ आधी चार किका सावकाश मारतो, मग चावी फिरवतो. पहिली दोन मिनिटं तो मोबाइल खिशात ठेवतो आणि इंजिनाजवळ कान नेऊन उभा राहतो. आबाही तसंच करायचे. तेव्हा आम्हाला वाटायचं, म्हातारा उगाच वेळ काढतोय. आबा ऑइल टेलला पोचायची वाट बघत होते.